पहिलवान रंभाचे दोनच हात

कापसाच्या पऱ्हाटीवर पहिलं बोंड उमललं की माझ्या हातांना चैन पडत नाही. कुणाला तरी गच्च धरावं, जमिनीवर लोळवावं आणि वर बसून ‘आता ऊठ पाहू’ म्हणावं, असं वाटायला लागतं. आता हे सांगायचं कुणाला? माझ्या वयाच्या बायकांचे हात दिवाळीच्या सुमाराला करंज्या मुरडायला शिवशिवतात. माझे मुंड्या मुरगळायला शिवशिवतात.

आज सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभी राहिले. पायाखालचं गवत दवाने ओलं होतं. तुरीला पिवळी फुलं आली होती आणि कापसाची पानं कडांनी तांबूस व्हायला लागली होती. मधूनमधून एखादं बोंड असं उकललेलं, की घाईत घराबाहेर पडलेल्या बाईच्या परकराची पांढरी किनार दिसावी. राळेगावकडे जाणारी एसटी फाट्यावर कर्कश्श वाजत होती. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. नागपूरहून जुई. धाकट्याची पोरगी.

“आजी, रंभा काय करते?”

“कासोटा कसून बसली. तुमचीच वाट पाहून राह्यली.”

पलीकडून हसू ऐकू आलं आणि माझ्यासमोरचं आख्खं वावर एका झटक्यात मागे सरकलं. मी थेट दोन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात जाऊन पोचले.

त्या हंगामात कापूस असा काही आला होता, की समोरच्या खोलीत तो शेवटी छताला टेकला. आमच्याकडे विकायला नेईपर्यंत कापूस घरातच मुक्कामाला असतो. तो आला की माणसं आपोआप भिंतीकडे सरकतात. त्या खोलीचा एक वास असतो, सरकीचा, कोमट आणि किंचित तेलकट. खिडकीतून ऊन आत आलं की त्या उजेडात तंतू तरंगतात. मानेला खाज सुटते, नाकात गुदगुल्या होतात. पण एकदा त्या ढिगात पाठ टाकली की उठवत नाही. आणि तिथे आवाज मऊ होतो. कुणी कितीही ओरडलं तरी कापूस ते अर्धं पिऊन टाकतो. म्हणूनच पोरांनी खेळायला ती खोली निवडली. बाहेर घरभर चिवड्याची फोडणी, आकाशकंदिलाच्या काड्या, सुनांची लगबग. आत आम्ही चौघं, कापसात कमरेइतके रुतलेले.

चौघं म्हणजे थोरल्याची सायली आणि तेजस, धाकट्याची जुई, आणि मी. सायली पुण्याला शिकते. तो खेळ तिनेच आणला. त्यात ना पट, ना सोंगट्या. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे आपापलं एक माणूस घेऊन त्या गोष्टीत शिरतात. ‘माझा माणूस दार फोडतो’ असं तुम्ही म्हणायचं. दार फुटलं का, ते फासा ठरवतो. फासा पण कसा, वीस बाजूंचा, बोरासारखा गरगरीत! कापसावर तो गडगडेना, टाकला की जागच्या जागी रुतून बसायचा. मग मी पुरणाची परात आणून मध्ये ठेवली. तिच्यात फासा पडला की टण्ण् असा आवाज व्हायचा. त्या मऊ खोलीत तेवढा एकच आवाज कडक.

“आजी, तू जादूगारीण हो,” सायली म्हणाली. “म्हातारी, जंगलात राहणारी, जडीबुटीवाली.”

“म्हातारी तर मी फुकटात हावो. त्याच्यासाठी खेळ कायले पाहिजे?” मी म्हटलं. “मले पहिलवान कर.”

अशी रंभा जन्मली. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, दंड उखळाएवढे, केस वीतभर. तलवार नको, धनुष्य नको. तिचं एकच काम, धरायचं. तेजसने कपाळाला हात लावला. तो सगळे नियम पाठ करणारा पोरगा. इंजिनियर होतोय आणि चहातसुद्धा साखर नियमाने ढवळतो. “आजी, धरून काय होतं? मारावं लागतं!”

त्याला काय सांगू? जिने आयुष्यभर घर सांभाळलं, तिला मारायचं कसं हे ठाऊक नसतं. धरून ठेवायचं कसं, त्याचा मात्र तिला मोप सराव असतो.

पहिल्याच लढाईत विहिरीवर दोन चोर भेटले. रंभाने उजव्या हाताने एक धरला, डाव्या हाताने दुसरा. फाशाने दोन्ही वेळा माझी बाजू घेतली. मी म्हटलं, “आता तिसरा कुठे आहे?”

“तिसरा असता तरी धरता आला नसता,” तेजस मोबाइलमध्ये नियम काढून म्हणाला. “एका हाताला एक माणूस. दोन हात, दोन माणसं. विषय संपला.”

इथे माझं आणि त्या नियमाचं पहिलं भांडण झालं. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात कधी पाहिलास का, मी विचारलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बोंडातून कापूस उपसतात, तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधीच्या बोंडांचा कापूस तळव्याशी दाबून धरतात. मूठ भरली की मगच तो कमरेच्या ओटीत जातो. म्हणजे एकच हात धरतोही आणि पुन्हा नवीन धरतोही. मी ढिगातला कापूस घेऊन करून दाखवलं. पोरं मान पुढे करून पाहत राहिली.

“पण आजी, चोर म्हणजे काय कापूस आहे का?” सायली म्हणाली.

“दोन्ही सारखेच. सैल धरले की उडून जाते.”

सायलीने तो मुद्दा फेटाळला. गोष्ट सांगणारीचा शब्द शेवटचा, असा तिथला कायदा. पण तिने मला एक दुसरा नियम दिला आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. ज्याला धरलं त्याला जागचं हलता येत नाही. आणि धरलेल्याला खाली पाडलं, तर त्याला उठताच येत नाही. कारण उठायलाही थोडं हलावं लागतं आणि हलणं तर रंभाच्या मुठीत! धरायचं, पाडायचं, पाडून धरायचं. बाप्पा! असा सुंदर नियम मी आख्ख्या संसारात ऐकला नव्हता. कुणी तरी माझ्या लग्नाच्या वेळी सांगायला हवा होता.

लग्नाच्या वेळची ती मी. तिची आठवण झाली की मला अजून हसू फुटतं. उमरखेडच्या बाजारपेठेत वाढलेली दुकानदाराची पोर. कापूस पाहिला होता तो दुकानातल्या गादीत. पण तोंड असं, की विचारू नका. सासरी आली त्याच वर्षी वेचणी सुरू झाली. धुऱ्याजवळच्या पऱ्हाट्यांना हळद-कुंकू वाहिलं, दही-भाताचा नैवेद्य दाखवला, सगळ्यांनी तिथेच बसून दही-भात खाल्ला आणि बायका तासांत, म्हणजे पऱ्हाट्यांच्या ओळींत शिरल्या. थोरल्या जाऊबाई, शांताबाई, दोन तासांच्या मधून चालायच्या. उजवा हात एका तासाला, डावा दुसऱ्याला. दोन्ही हातांनी एकदम वेचायच्या; नजर मात्र समोर आणि तोंड शेजारणीशी चालू. त्यांच्या पाठीमागे एका बोंडात तंतू उरायचा नाही.

आणि ही नवीन नवरी! हिला वाटलं, दोन काय, आपण तीन तास घेऊ. दोन हातांना दोन, आणि तिसरा येता-जाता. ओटी अशी बांधली की गाठ पाठीवर आणि फुगा पुढे. थोड्याच वेळात पदर एका तासात अडकला, निऱ्या दुसऱ्यात, आणि बांगड्यांमध्ये तिसऱ्या तासाची फांदी. प्रत्येक बोंडात अर्धा कापूस तसाच. जो वेचला होता त्यात वाळक्या पानांचा एवढा चुरा, की पाहणाऱ्याला वाटावं हिने कापूस नव्हे, पाला वेचला. वर ओटीची गाठ सुटली. सगळा कापूस मातीत, आणि ही मधोमध उभी, तिन्ही बाजूंनी जखडलेली, गावदेवीच्या जत्रेतल्या बाहुलीसारखी हात पसरून.

शांताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “काय वं सुमे, तीन नवरे केल्यावानी काहून धावून राह्यली? एक तर धड सांभाळ!”

सगळं वावर हसलं. मी मात्र ‘आमच्याकडे असंच वेचतात’ म्हणून ठसक्यात सांगितलं. आमच्याकडे! जिथे दुकानात कापूस किलोने यायचा!

तेजसच्या नियमाने ती पोरगी मला फार दिवसांनी नीट समजली. तिच्यात जिद्द कमी नव्हती, बळ कमी नव्हतं. तिला एवढंच कळत नव्हतं की हात भरलेले असले की माणूस बाकी सगळ्याला मुकतो. त्या खेळात हे अगदी उघड लिहिलंय. दोन्ही हातांनी दोघांना धरलं की रंभाला दार उघडता येत नाही, पडलेली वस्तू उचलता येत नाही, कुणाच्या जखमेवर पट्टी बांधता येत नाही. धरलेला माणूस अडकला हे खरं. पण धरणाराही तेवढाच अडकला.

आणि धरलेला सुटायची धडपड करतो, ते वेगळंच. प्रत्येक पाळीला तो जोर लावतो, फासे पडतात, कोण सरस ते ठरतं. मी सायलीला आधी विचारून घ्यायचे, “समोरच्यानं अंगाले तेल तर नाई लावलं?” तेजस म्हणाला, तेलाचा नियम नाही. मी म्हटलं, मग तुझा नियम लिहिणाऱ्याने कधी दिवाळीला पोरं न्हाऊ घातली नाहीत.

मी घातली आहेत. नरक चतुर्दशीची पहाट, अंगणातल्या चुलीवर पाण्याचा हंडा, वाफेत मिसळलेला उटण्याचा वास, आणि पाटावर हे दोघं, म्हणजे आताच्या या तिघांचे बाप. एकेकाला न्हाऊ घालायचं तर दुसरा पळतो. म्हणून त्या शहाणीने, म्हणजे मीच, ठरवलं, दोघांनाही एकदम तेल लावू. लावलं. मानेपासून टाचेपर्यंत चोपडलं. मग धरायला गेली तर हातात काही येईना! थोरला एका काखेतून सटकला, धाकटा दुसऱ्या. दोघेही चकाकत अंगणभर. ही मागे, पातळ ओलं, केस मोकळे, ‘थांबा रे, थांबा’ करत. शेवटी धाकटा जाऊन समोरच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात शिरला. बाहेर काढला तेव्हा पोरगं नव्हतं, मेंढीचं पिल्लू होतं. तेल आणि कापूस यांची सोयरीक काय असते ते त्या दिवशी कळलं. तो पुसायला लागलेला वेळ मी सांगत नाही, पण फराळ थंड झाला.

ही गोष्ट ऐकून जुई इतकी हसली की तिला उचकी लागली. “माझे बाबा?” ती पुन्हापुन्हा विचारत होती. “माझे बाबा मेंढी झाले होते?”

जुई तेव्हा सातवीत होती. कमी बोलणारी. तिने आपलं माणूस बनवलं होतं पाखरू नावाचं, एक हडकुळी वैदीण, जिच्या झोळीत मलमं आणि खिशात चिमणीचं पिल्लू. तिने पाखरूचं चित्र काढलं होतं, तिच्या झोळीला कुठे ठिगळ आहे तेसुद्धा ठरवलं होतं. त्याला कारण होतं. नागपूरला शेजारच्या पोरांबरोबर ती हा खेळ खेळायला बसली होती, तेव्हा तिचं पहिलं माणूस खेळ सुरू होता होता मेलं आणि ती पोरं हसली. त्यानंतर ती कुणाशी खेळायलाच तयार नव्हती. सायलीने मनधरणी करून तिला आमच्यात बसवलं. बसताना जुईने एवढंच म्हटलं, “पाखरू मेली तर मी परत कधीच खेळणार नाही.” हे तिने रडून नाही म्हटलं. शाळेत दप्तर बंद करतात तसं, शांतपणे म्हटलं. म्हणूनच मी ठरवलं, रंभा पाखरूपासून लांब जाणार नाही. कारण सायलीच्या गोष्टीत मेलेलं माणूस परत येत नव्हतं. तो नियम सगळ्यांनी मिळून आधीच मान्य केलेला.

भाऊबीज झाली. बाहेर वेचणी ऐन भरात आली होती. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन यायच्या, दारात टाकायच्या, आणि आमची बसायची जागा रोज थोडी उंच व्हायची. आदल्या दिवशी खिडकीच्या खाली होतो, आता खिडकीतून अंगण दिसायला लागलं. दुपारचं ऊन थेट परातीत पडायचं आणि छतावर तिचा गोल उजेड थरथरायचा. त्या थरथरत्या उजेडाखाली आम्ही एका लाकडी पुलावर येऊन पोचलो.

पूल सायलीने पाठकोऱ्या कागदावर काढला. खाली खोल नदी. रुंदी जेमतेम दोन माणसांची. आम्ही पूल ओलांडत असताना झाडीतून बाण आला आणि पाखरूला लागला. ती फळ्यांवर कोसळली. मेली नव्हती, पण जीव जात होता. दर पाळीला जुईने फासा टाकायचा. तीनदा वाईट पडला की पाखरू संपली. पहिल्यांदा वाईट पडला. दुसऱ्यांदाही वाईट पडला.

 जुईने पाखरूचं चित्र उलटं करून ठेवलं.

आणि पुलाच्या समोरच्या टोकाने तिघं दरोडेखोर धावत आले.

“रंभाची पाळी,” सायली म्हणाली.

मी परात जवळ ओढली. तेजसचा तिरंदाज मागे काठावर होता, त्याच्यापाशी औषधाची एकुलती कुपी. त्याची पाळी येईपर्यंत कुणी पाखरूपर्यंत पोचता कामा नये. समोर तिघं. हात दोन.

मी पहिल्याला धरला. टण्ण्! धरला गेला. दुसऱ्याला धरला. टण्ण्! तोही. तिसरा मोकळा.

“तिसरा पुढे सरकतो, पाखरूच्या दिशेने,” सायली हळूच म्हणाली. तिलाही सांगवत नव्हतं.

“थांब,” मी म्हटलं. “माझी पाळी संपली नाई. मले मागे सरकायचं हाये. दोघांना घेऊन.”

तेजस म्हणाला, “एकाला ओढत नेलं तर चाल अर्धी होते. दोघांना नेलं तर अर्ध्याची अर्धी.”

“पुस्तकात अर्ध्याची अर्धी लिहिलेलं नाही,” सायली म्हणाली.

“पण तर्काने—”

“अरे, ओढाळ गाईच्या गळ्यात लोढणं बांधतात,” मी म्हटलं. “एक बांधलं तरी ती रडतखडत चालते, दोन बांधली तरी चालते. मले कुठं यवतमाळले जायचं हाये! मले एकच पाऊल टाकायचंय.”

एक पाऊल मिळालं. त्या पावलाने रंभा पाखरूच्या अंगाशी येऊन उभी राहिली. मी सायलीचा कागद पुढे ओढला आणि बोट ठेवलं. “आता सांग. पूल किती रुंद? दोन माणसांचा. माह्या उजव्या हातात एक, डाव्या हातात एक. दोघांनाही मी माह्यापुढे उभं केलं. तिसरा येईल कुठून?”

सायली कागदाकडे बघत राहिली. तेजसही वाकला. मग तोच म्हणाला, “ताई, वाटच नाही. आजीने त्या दोघांचं दार केलं!”

 तिसऱ्याला धरायची गरजच नव्हती. तीन तास एकदम वेचू पाहणाऱ्या त्या नवरीला, दोघांना एकदम तेल लावणाऱ्या त्या आईला नेहमी वाटायचं, आपल्याला हातच कमी पडतात. देवाने आणखी एक दिला असता तर दाखवून दिलं असतं जगाला! हात नव्हते कमी पडत, माय. कुणाला कुठे उभं करायचं, ते तुला ठाऊक नव्हतं.

पण माज करायची वेळ नव्हती. तिसऱ्याने आपल्याच सोबत्यांच्या खांद्यावरून कुऱ्हाड चालवली. रंभाचा निम्मा जीव गेला. मग डाव्या हातातला सुटायला धडपडला. मी फासा टाकला, आणि घाईत तो असा टाकला की परातीच्या काठावर आपटून कापसात उडाला.

“कुणी हलू नका!” तेजस ओरडला.

सगळे जागच्या जागी थिजलो. चौघंही श्वास रोखून कापसात बघतोय. जुई हातांवर हळूहळू पुढे गेली, फुंकर घालत एकेक पुंजका बाजूला केला. फासा सापडला, पण एका धारेवर उभा. वरची बाजू कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सायलीने पुन्हा टाकायला सांगितलं. मी तो दोन्ही तळव्यांत घोळवला, ज्वारी पाखडायच्या आधी सूप हलवतो तसा, आणि सोडला. अठरा! डाव्या हातातला डाव्या हातातच राहिला.

आता तेजसची पाळी. त्याच्या तिरंदाजाला काठावरून दरोडेखोरांचा म्होरक्या पळताना दिसत होता. कितीतरी दुपारी आम्ही त्याच म्होरक्यामागे हिंडत होतो. एक बाण आणि गोष्ट फत्ते. तेजसचं बोट कागदावर त्या म्होरक्यापाशीच होतं.

“तेजा,” मी म्हटलं, “माहे दोन्ही हात गुतले आहेत, बाप्पा.”

त्याने जुईकडे पाहिलं. उलट्या ठेवलेल्या चित्राकडे पाहिलं. मग ओठ चावून म्हणाला, “जाऊ दे त्या म्होरक्याला. मी पुलावर धावतो. कुपी पाखरूच्या तोंडात.”

जुईने चित्र सुलटं केलं. पाखरूने डोळे उघडले. अंगात जीव किती? एक. नुसता एक. कुणी शिंकलं तरी गेली असती.

“पळ!” मी ओरडले. “जुई, मागं पळ! मी हाये इथं!”

“नाही,” जुई म्हणाली.

“अगं नाही काय? तो कुऱ्हाडवाला अजून—”

“त्याने परत मारलं तर रंभा मरेल.” जुईने कागदावर वाकून जागा मोजली. “सायलीताई, आपल्या माणसाच्या पायांमधून हात घालता येतो का? पाखरू आडवीच आहे. मी आजीच्या आणि त्या दोघांच्या पायांमधून हात घालून कुऱ्हाडवाल्याचा घोटा धरते.”

“तू?” तेजस म्हणाला. “तुझी ताकद बघ किती आहे. शून्याच्याही खाली!”

“पण माझे हात तर रिकामे आहेत ना?”

 सायलीने परात जुईपुढे सरकवली.

फासा पडला. सात. त्यातून ताकदीचा एक वजा. सहा. सहा म्हणजे काहीच नाही. शेंबडं पोरसुद्धा सहाला सुटून जातं. सायलीने दरोडेखोराचा फासा टाकला. तो परातीत गोल फिरला, फिरला, रेंगाळला आणि चारावर बसला.

चार! अहो, चार!

आम्ही काय ओरडलो! तेजसने मूठमूठ कापूस वर उडवला. सायली, जी त्या दरोडेखोरांच्या बाजूची, तीच उभी राहून नाचायला लागली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. खोलीभर पांढरं पांढरं, उन्हात तरंगणारं, डोळ्यांत, केसांत, तोंडात. तिघंही धरले गेले होते. कुणाला पुढे सरकता येत नव्हतं, मागे सरकता येत नव्हतं. दोघं एका म्हातारीच्या मुठीत आणि तिसरा एका सातवीतल्या पोरीच्या.

दार ढकलून शांताबाई आत आल्या. आता त्याही वाकल्यात, पण जिभेची धार तीच. एका हातात चहाचे कप ठेवलेलं ताट.

“काय झालं व माय? साप निघाला काय कापसातून?”

“साप नाई बाई. तीन दरोडेखोर. धरले.”

“कुठी हायेत?”

“हे काय.” मी दोन्ही मुठी वर केल्या.

शांताबाईंनी माझ्या मुठींकडे पाहिलं. मुठी खरंच इतक्या घट्ट आवळलेल्या होत्या, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी त्या कधी आवळल्या ते मलाच ठाऊक नव्हतं.

“बरं बरं,” त्या म्हणाल्या. “चहा घे.”

“कशी घेऊ? हात रिकामे नाईत.”

“अन् तुले वं, पोट्टे?”

जुईने पोटावर आडवं होऊन एक हात पुढे ताणलेला होता, माझ्या मांडीखालून. तिने मान हलवली. “माझेपण नाहीत, मोठी आजी.”

तेजसने कपाकडे हात केला तर शांताबाईंनी त्याला सांगितलं, “तू आपला आपण घे. तुहे रिकामे दिसते.” मग त्या कापसात फतकल मारून बसल्या, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी माझ्या तोंडाला लावली. मग जुईच्या. मग पुन्हा माझ्या. या वेळी हसल्या नाहीत.

सायलीने परातीतला फासा उचलला. कुणीतरी सुटायला धडपडणार होतं. मी बशीतून तोंड न काढता मुठी आणखी आवळल्या. मांडीखाली जुईनेही.